पदरमोड करून कॉन्फरन्सला जाऊ का?

मागच्या अंकात एका उत्तरात मी जाता जाता लिहून गेले की वेबचं काम करणाऱ्यांनी वर्षातून एक तरी कॉन्फरन्स गाठावी, आणि झालं, मेलबॉक्स भरला. कोणी पैशाचं विचारतंय, कोणी इंग्रजीचं, एका काकांनी तर मुलाची अख्खी कुंडली पाठवलीये. म्हणून या वेळी सगळा कॉलम त्याच्यावरच. नावं नेहमीप्रमाणे छापत नाही, राहण्याचं ठिकाण तेवढं ठेवलंय.

"ताई, मी डोंबिवलीला राहते, अंधेरीच्या एका छोट्या एजन्सीत दोन वर्षं वेब डेव्हलपर आहे, म्हणजे खरं सांगायचं तर वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या तयार सॉफ्टवेअरच्या थीम, म्हणजे साइटचे तयार साचे, बदलून देते, एलिमेंटर वापरते, थोडं सीएसएस येतं. पगार २४ हजार. पुढच्या महिन्यात गोरेगावला नेस्कोमध्ये वेब डिझाइन आणि डेव्हलपमेंटची दोन दिवसांची कॉन्फरन्स आहे, शनिवार-रविवार. तिकीट ३५०० प्लस जीएसटी. बॉसला विचारलं तर तो बोलला सगळं यूट्यूबवर असतं, कशाला पैसे घालवतेस. आई पण तेच बोलते, फक्त तिचं म्हणणं की एवढ्या पैशात एक चांगली साडी येते. माझी एकपण मैत्रीण येत नाहीये. जाऊ का? आणि गेले तर एकटीने तिथे दोन दिवस करायचं काय?"
एक वाचक, डोंबिवली

अगं, आधी तुझ्या बॉसचं बघू, कारण तो अर्धा बरोबर आहे आणि अर्धं बरोबर बोलणाऱ्या माणसाशी वाद घालणं फार अवघड जातं. टॉक खरंच नंतर ऑनलाइन येतात. २००९ च्या नोव्हेंबरात बर्लिनला जेएसकॉन्फ या जावास्क्रिप्टवाल्यांच्या कॉन्फरन्समध्ये रायन डालने नोडजेएस, म्हणजे सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवायचं त्याचं सॉफ्टवेअर, लोकांना दाखवलं, ते भाषण आजही यूट्यूबवर आहे, मी ते पोह्यांसाठी कांदा चिरताना बघितलंय. इथन मार्कोटने रिस्पॉन्सिव्ह डिझाइनची, म्हणजे एकच पान मोबाइल आणि कॉम्प्युटर दोन्हीवर नीट बसवायची, कल्पना २०१० च्या एप्रिलमध्ये सिएटलच्या एका कॉन्फरन्सला मांडली आणि पुढच्याच महिन्यात त्यावर लेख लिहिला, आपण सगळे तो लेख वाचूनच शिकलो ना, सिएटलला कोण गेलं होतं. वर्डकॅम्प या वर्डप्रेसवाल्यांच्या मेळाव्यांतली भाषणं तर वर्डप्रेस टीव्हीवर ढिगाने पडलीयेत. तेव्हा नुसतं ऐकायला जाणार असशील तर १८ टक्के जीएसटी धरून ४१३० रुपये होतात, ते ठेव जवळ आणि आईला साडी घे.

आता दुसरा अर्धा भाग. माझंच सांगते.

मी पहिल्या कॉन्फरन्सला गेले तेव्हा सकाळी साडेआठला पोचले, बॅज गळ्यात घातला, आणि प्रत्येक ब्रेकमध्ये चहाच्या टेबलापाशी कानाला फोन लावून उभी. पलीकडे कोणी नव्हतं. एकटी दिसू नये म्हणून मी चक्क बंद फोनवर "हो आई, हो हो, येते सातपर्यंत" असं बोलत होते. सगळे टॉक ऐकले, वही भरून नोट्स काढल्या, ती वही मी परत कधी उघडली नाही, पुढे लेकीने मागच्या पानांवर चित्रं काढली. पैसे फुकट गेले असंच वाटलं आणि दोन वर्षं परत गेले नाही.

दुसऱ्या वेळी गेले ती वैतागून. एका पतपेढीची साइट करत होते, पूर्ण मराठी, आणि तिच्या मोठ्या शीर्षकांची शिरोरेखा अक्षराअक्षराला तुटत होती. कपडे वाळत घातलेत आणि दोन कपड्यांच्या मधली दोरीच कोणीतरी कापून टाकलीये, असं दिसायचं ते. चेअरमनसाहेब रोज फोन करून सांगायचे की पतपेढीचं नावच तुटकं दिसतंय, ठेवीदार काय म्हणतील. तीन आठवडे मी "मराठी फॉन्ट ब्रोकन" असलं काहीबाही सर्च करत होते, फॉन्ट तीनदा बदलला, होस्टिंगवाल्याशी भांडले, बिचाऱ्याचा काही संबंध नव्हता. जेवणाच्या रांगेत शेजारी एक वयस्कर गृहस्थ होते, पूर्वी छपाईच्या धंद्यात होते आणि नंतर वेबकडे वळले होते, काय करता विचारलं त्यांनी, आणि मी ओळखदेख काही नाही, सरळ मोबाइल काढून साइट त्यांच्या नाकासमोर धरली. त्यांनी चष्मा वर केला, बघितलं आणि म्हणाले, थीम इंग्रजीसाठी बनवलीये ना? लेटर-स्पेसिंग काढा.

संपलं. थीमवाल्याने शीर्षकांना लेटर-स्पेसिंग दिलं होतं, म्हणजे दोन अक्षरांमध्ये थोडी हवा. इंग्रजी अक्षरं मुळात सुटी असतात त्यामुळे तिथे ते ऐटबाज दिसतं, आपल्याकडे शिरोरेखा अक्षरं जोडते, तिथे हवा भरली की रेघ तुटणारच. शून्य केलं आणि शीर्षक एकसंध. मग त्या गृहस्थांना चेव चढला, ताट हातात धरून उभ्या उभ्या त्यांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. एक, लाइन-हाइट, म्हणजे ओळींमधलं अंतर, १.२ ठेवलीत तर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीचे रफार-मात्रा एकमेकांना टक्कर मारतात, देवनागरीला १.६ तरी द्या. दोन, पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी आहे म्हणून सांगा, लँगच्या पुढे एमआर लिहा, म्हणजे ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श वेगळे काढून ठेवलेत त्यात ते आपोआप येतात, नाहीतर हिंदी वळणाचे येतात. माझ्या सगळ्या साइटवर तोपर्यंत ईएन, म्हणजे इंग्रजी, होतं, टेम्प्लेटमध्ये जे आलं ते तसंच. वर आणि म्हणाले फॉन्टला पैसे घालवू नका, मुक्ता नावाचा फॉन्ट वापरा, तो आपल्या मुंबईतल्याच 'एक टाइप' नावाच्या फॉन्टवाल्यांनी केलाय आणि गुगल फॉन्ट्सवर फुकट आहे.

आता तू म्हणशील हे सगळं नेटवर असेलच. आहेच! पण लेटर-स्पेसिंग हा शब्द माझ्या डोक्यातच आला नाही तर मी तो सर्चमध्ये टाकणार कुठून? मी फॉन्ट फॉन्ट करत बसले होते आणि दुखणं भलतीकडेच होतं. समोर माणूस असला की दुखण्याचं नाव माहीत नसलं तरी चालतं, नुसतं बोट ठेवून "हे बघा ना, हे असं का होतंय" एवढं बोलता आलं की झालं. मी त्या दिवसापासून जायला लागले ते याच्यासाठी.

म्हणून तू जा, पण रिकाम्या हाताने जाऊ नकोस. तुझी जी कुठली साइट अडलीये, मेन्यू आयफोनवर उघडत नाही, फॉर्म दोनदा सबमिट होतो, काहीही, ती मोबाइलमध्ये घेऊन जा आणि सोबत स्क्रीनशॉटपण काढून ठेव, कारण हजार लोक एका वायफायवर आले की ते वायफाय फक्त दाखवायला उरतं.

एकटं कसं उभं राहायचं त्याचं सांगते. एरिक होल्शर नावाच्या प्रोग्रामरने एक नियम लिहून ठेवलाय, त्याला पॅक-मॅन नियम म्हणतात. चारपाच जण घोळका करून उभे असतील तर गोल पूर्ण बंद करायचा नाही, पॅक-मॅनच्या तोंडासारखी एका माणसाची जागा उघडी ठेवायची म्हणजे नवीन माणूस येऊन उभा राहू शकतो. आपल्याला लोकलमुळे हे जन्मजात येतं, तीनच्या सीटवर चौथा बसतोच. तू असा उघडा घोळका शोध आणि जाऊन उभी राहा, पाच मिनिटं काही बोलली नाहीस तरी कोणी हाकलत नाही. त्याहून सोपा उपाय म्हणजे व्हॉलंटियर हो. बऱ्याच ठिकाणी व्हॉलंटियरला तिकीट लागत नाही, आणि रजिस्ट्रेशनच्या टेबलावर बसलीस की दुपारपर्यंत निम्मी कॉन्फरन्स तुला ओळखायला लागते, शिवाय हाताला काम असलं की बोलायला निमित्त मिळतं. आयोजकांना आजच मेल टाक, शेवटच्या आठवड्यात जागा नसते.

वेळापत्रक बघून घाबरू नकोस, तीन-चार टॉक निवड, बाकीचे खुशाल सोड. ज्या टॉकच्या नावात "भविष्य" आहे तो मी तरी सोडते.

बॉसकडे पैसे मागू नकोस, सोमवारी एक तास माग. त्याला सांग की मी स्वखर्चाने जातेय, परत आल्यावर आपल्या एका क्लायंटचं होमपेज घेऊन टीमला दाखवते की ते हलकं कसं करायचं. पान किती झटपट चालतं ते मोजायचे गुगलचे तीन आकडे पाठ करून जा, मुख्य मजकूर २.५ सेकंदांच्या आत दिसला पाहिजे, बटण दाबल्यावर २०० मिलिसेकंदांत पानाने काहीतरी हालचाल दाखवली पाहिजे, आणि लोड होताना मजकूर उड्या मारतो त्याचा स्कोअर ०.१ च्या आत पाहिजे. यातला दुसरा आकडा गुगलने २०२४ च्या मार्चमध्ये नवीन आणला, तुमच्या एजन्सीच्या रिपोर्टमध्ये अजून जुनाच जात असेल तर तेवढं एक दाखवलंस तरी बॉस पुढच्या वर्षी तिकिटाचं स्वतःहून विचारेल. नाही विचारलं तर निदान तुला कळेल की तिथे किती दिवस थांबायचं.

आणि जायचं कसं. दादरला उतरून तो पूल चढून वेस्टर्न पकडत बसू नकोस. फास्टने घाटकोपर, तिथून मेट्रो १ ने वेस्टर्न एक्सप्रेस हायवे, पुलावरून गुंदवलीला जा आणि मेट्रो ७ ने गोरेगाव पूर्व, तिथून नेस्को जवळ. रविवारी जाणार असशील तर आदल्या दिवशी मेगाब्लॉक बघ, मेन लाइनला असेल तर पहिला टॉक गेला असं समज. एका दिवसाचं तिकीट मिळत असेल तर शनिवारचंच घे.

"माननीय ताई, मी बेस्टमध्ये कंडक्टर होतो, निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. मुलगा आयटीत आहे. तो मित्रांबरोबर तीन दिवस गोव्याला जातो म्हणतो, कॉन्फरन्स आहे म्हणे, कुठलीतरी जावास्क्रिप्टची. विमान, हॉटेल, तिकीट सगळं धरून २५ हजारांच्या घरात खर्च आहे. गोव्यात कॉन्फरन्स कशाला भरेल? आम्हाला हे गंडवणं वाटतं. शिवाय हल्ली सर्टिफिकेट विकणारे पुष्कळ निघालेत असं पेपरात वाचतो."
एक वाचक, काळाचौकी

काका, नमस्कार. गोव्यात भरते हो, खरंच भरते. रिअ‍ॅक्ट इंडिया म्हणून जावास्क्रिप्टवाल्यांची एक मोठी कॉन्फरन्स आहे ती २०१८ साली गोव्यातच सुरू झाली. बंगळुरूला जेएसफू नावाची त्याच्याही आधी, २०११ साली भरली. आता मुलगा नेमका कुठे चाललाय ते मला माहीत नाही, त्यामुळे समुद्रावर किती वेळ आणि हॉलमध्ये किती वेळ याची हमी मी देणार नाही, तुम्ही पण मागू नका.

ही पद्धत नवीन नाही. वेब जिथे जन्माला आलं त्या जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेतच १९९४ च्या मे महिन्यात पहिली वेब कॉन्फरन्स भरली, सुमारे ३८० माणसं होती, यायची इच्छा असणारे त्याच्या दुप्पट. त्याच वर्षी शिकागोला दुसरी भरली. हाकोन वियुम ली नावाच्या नॉर्वेजियन माणसाने सीएसएसची कल्पना त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात मांडली होती, ती या शिकागोच्या लोकांपुढे आली, पुढच्या वर्षी जर्मनीतल्या कॉन्फरन्सला परत आली, आणि १९९६ च्या डिसेंबरात तिचं अधिकृत मानक झालं. आज कुठल्याही वेबसाइटचा रंग, अक्षर, मांडणी जी दिसते ती त्याच्यामुळे. दोन वर्षं माणसं एकमेकांना भेटून भांडली तेव्हा ते झालं. आपल्याकडे १८७८ साली पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी ग्रंथकारांना एकत्र बोलावलं तेच ना हे. आणि संमेलनाला तरी लोक काय अध्यक्षांचं भाषण ऐकायला जातात का, पुस्तकांच्या गाळ्यांवर आणि मांडवामागच्या गप्पांना जातात.

पण सर्टिफिकेटची शंका तुम्ही काढलीत ती अगदी रास्त आहे. खोट्या नाण्याची पारख तुम्हाला मी काय शिकवणार, तुम्ही आयुष्यभर सुट्टे पैसे मोजलेत. मुलाला कॉन्फरन्सची साइट उघडायला सांगा आणि तीन गोष्टी बघा. बोलणाऱ्यांची नावं, ते कुठे काम करतात आणि कशावर बोलणार ते दिलंय का. किती वाजता काय आहे त्याचं वेळापत्रक आहे का. आणि कोणाला त्रास झाला तर तक्रार कुठे करायची, ते आचारसंहितेचं पान आहे का, कारण खरे आयोजक ते लिहितातच. याच्या उलट ज्या "आंतरराष्ट्रीय परिषदेत" पैसे भरले की प्रत्येकाचा पेपर मंजूर होतो, प्रत्येकाला पुरस्कार मिळतो आणि साइटवर मोठ्ठ्या अक्षरात फक्त सर्टिफिकेटचंच कौतुक असतं, ती दुकानं. कॉलेजच्या पोरांना त्यात फार ओढतात.

बाकी २५ हजार त्याच्या स्वतःच्या पगारातले असतील तर काका, थोडं जाऊ द्या.

"वसईला राहतो, फ्रीलान्स करतो. कॉन्फरन्समध्ये क्लायंट मिळतात का? आणि खर्च टॅक्समध्ये दाखवता येतो का?"
एक वाचक, वसई

क्लायंट मिळत नाहीत. तिथे सगळे तुझ्यासारखेच विकणारे, विकत घेणारा कोण? पण ज्यांच्याकडे कामाचा लोड जास्त झालाय असे दुसरे फ्रीलान्सर आणि छोट्या एजन्सीवाले मिळतात, आणि त्यांच्याकडून वाहून आलेलं काम येतं, सहा महिन्यांनी वगैरे, लगेच नाही. कार्ड वाटत फिरू नकोस. आणि स्टॉलवर टी-शर्टसाठी बॅजचा क्यूआर स्कॅन करून दिलास की तुझा नंबर गेला, मग वर्षभर क्लाउड विकणाऱ्यांचे फोन घे. मी त्याच्यासाठी वेगळा ईमेल आयडी ठेवलाय.

टॅक्सचं, धंद्यासाठी केलेला खर्च हिशेबात धरता येतो, पावती पक्की घे, जीएसटी नंबर असेल तर तिकीट काढतानाच टाक. पण तू जर ती निम्मी रक्कम सरसकट नफा धरायची सोपी योजना घेतली असशील तर वेगळा खर्च दाखवता येत नाही. सीएला विचार, माझ्या जिवावर रिटर्न भरू नकोस.

"ताई मी लालबागला राहतो, दहावीपर्यंत मराठी मीडियम मग डिप्लोमा. काम येतं मला, एचटीएमएल सीएसएस पीएचपी चांगलं येतं, पण इंग्लिश बोलताना ततपप होतं. गेल्या वर्षी एका मीटअपला माइक हातात आला आणि मी थँक्यू बोलून परत दिला. सगळे हसले. आता जायचीच लाज वाटते."
एक वाचक, लालबाग

अरे, माइक हातात घेऊन थँक्यू बोललास हे निदान खरं तरी होतं. बाकीचे माइक घेऊन काय करतात माहितीये ना, "माझा प्रश्न नाही, कमेंट आहे" म्हणून चार मिनिटं स्वतःच्या स्टार्टअपबद्दल बोलतात.

माइकवर प्रश्न विचारायची काहीच सक्ती नाही. टॉक संपला की स्पीकर स्टेजच्या पायऱ्यांपाशी उतरतो, तिथे पाचसहा जण घेरतात, तू शेवटचा उभा राहा. मी स्वतः दोनतीनदा बोललेय म्हणून सांगते, त्या वेळी स्पीकरला इतकं हायसं वाटत असतं की त्याला कुठल्याही भाषेत विचार. आणि मुंबईत हॉलच्या बाहेर इंग्रजी बोलतंय कोण, अर्धं हिंदी, पाव मराठी, मधे मधे डिप्लॉय नि रिपो. कोड दाखवायला तर भाषाच लागत नाही, स्क्रीन वळवून दाखवायची.

पण तुझ्यासाठी माझ्याकडे वेगळंच आहे. वर्डकॅम्प माहीत आहे का, वर्डप्रेसवाल्यांचे मेळावे, २००६ पासून जगभर होतात, सॅन फ्रान्सिस्कोला पहिला झाला. स्वयंसेवक भरवतात, स्पॉन्सरच्या पैशातून तिकीट मुद्दाम स्वस्त ठेवतात. आशियाचा मोठा वर्डकॅम्प २०२३ ला बँकॉकपासून सुरू झाला आणि २०२६ साठी मुंबईची निवड झाली, तेही बीकेसीला, कुर्ल्याला उतरून बसच्या रांगेत उभं राहावं लागतं तिथेच. तर या मोठ्या वर्डकॅम्पला बहुतेक वेळा एक काँट्रिब्यूटर डे असतो. त्या दिवशी भाषणं ऐकायची नसतात, टेबलं मांडलेली असतात आणि लोक बसून वर्डप्रेसलाच हातभार लावतात, कोणी कोड लिहितं, कोणी फोटो, आणि एक टेबल भाषांतराचं असतं. वर्डप्रेस मराठीत येतं ना, ते कोणी कंपनीने पगारी माणसं ठेवून केलेलं नाही, आपल्यासारख्यांनी एकेक ओळ भाषांतर करून केलंय. त्या टेबलावर इंग्लिश मीडियमची पोरं "अपडेट उपलब्ध आहे की आहेत" यावर डोकं धरून बसतात. तू जाऊन बस. तुझं दहावीपर्यंतचं मराठी व्याकरण तिथे सोन्याच्या भावाने जातं.

आणि पुढच्या वर्षी पाच मिनिटांचा लाइटनिंग टॉक दे, देवनागरी साइटवर काय काय तुटतं यावर. वर पतपेढीची गोष्ट सांगितलीये ती वापर, मी रॉयल्टी मागणार नाही. मराठीत दिलास तरी चालेल, आयोजकांना आधी विचार. हसतील? पहिल्या वाक्याला हसतील कदाचित. शिरोरेखा तुटलेला स्क्रीनशॉट दाखवलास की गप्प होतात, कारण निम्म्यांच्या साइटवर तेच चाललेलं असतं.

"मला पूर्ण दृष्टी नाही. एनव्हीडीए स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, एचटीएमएल शिकले, सध्या एका कंपनीत टेस्टिंग करते. कॉन्फरन्सला भाऊ सोबत लागतो, तर एका ठिकाणी त्याचंही पूर्ण तिकीट काढायला लावलं. आत गेल्यावर स्पीकर सारखं 'हे इथे बघा, हे असं दिसतं' बोलत होते, मला निम्मं कळलंच नाही. जाण्यात अर्थ आहे का?"
एक वाचक, ठाणे

भावाच्या तिकिटाचं वाचून मला राग आला. मदतनीस म्हणून येणाऱ्याचं तिकीट घेऊ नये, बरेच आयोजक घेतही नाहीत, फक्त फॉर्ममध्ये तशी सोय नसते म्हणून आधी मेल करून लेखी कबूल करून घ्यायचं. त्याच मेलमध्ये स्लाइड आदल्या दिवशी मागायच्या, आणि त्या वाचता येतील अशा मागायच्या, फोटो काढून पीडीएफ केलेल्या नाही. मी हेही पाहिलंय की अ‍ॅक्सेसिबिलिटीवर तीन टॉक ठेवलेल्या कॉन्फरन्सच्या स्वतःच्या साइटवर पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं, जिथे नियम सांगतो की साध्या मजकुराला कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि मागचा रंग यांच्यातला उठाव, किमान ४.५ ला १ पाहिजे, आणि तिकिटाच्या फॉर्मला कुठल्या रकान्यात काय भरायचं ते सांगणारी लेबलंच नाहीत.

पण तुम्ही जाच. कारण सांगते. २०१६ चा दिव्यांग हक्कांचा कायदा आहे, आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलं की डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. तो खटला केवायसीचा होता, कॅमेऱ्यापुढे डोळे मिचकवा वगैरे जे सांगतात ना त्यातला. कंपन्यांना आता हे काम करावंच लागणार आणि त्यांच्याकडे स्क्रीन रीडर रोज वापरणारा माणूस नाही. असतं काय, तर डेव्हलपर अर्धा तास एनव्हीडीए चालू करतो, त्या आवाजाला वैतागतो आणि बंद करतो. म्हणून तुम्ही स्पॉन्सरच्या स्टॉलवर जा, तुमचा लॅपटॉप उघडा, आवाज मोठा ठेवा आणि त्यांचीच साइट त्यांच्यासमोर ऐकवा. "बटण, बटण, बटण, लिंक, इमेज एक चार सात" असं, कशाचं बटण नि कसली इमेज ते न सांगताच, ऐकू आलं की स्टॉलवरची माणसं पाणी प्यायला लागतात. ही ओळख कार्ड देऊन होत नाही.

एनव्हीडीएची सुरुवात तुम्हाला माहीत असेलच, २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करनने, मग जेम्स तेहने, दोघांनाही दृष्टी नाही, महागडे स्क्रीन रीडर परवडेनात म्हणून स्वतःच लिहायला घेतला आणि जगाला फुकट दिला. वरच्या डोंबिवलीच्या मुलीला मी लँगपुढे एमआर लिहायला सांगितलं, त्याचा उपयोग इथेही आहे, तेवढं लिहिलं असेल तर मराठी मजकुराला स्क्रीन रीडर मराठी आवाज लावू शकतो. हे एक उदाहरण तुम्ही स्वतः ऐकवून दाखवा, आधी ईएन आणि मग एमआर. दहा स्लाइडचं काम होतं.

आणि स्पीकर "हे इथे बघा" म्हणाला की तुमच्या भावाने हात वर करून "काय ते सांगा" म्हणावं. एकदा म्हटलं की पुढचे सगळे सांभाळून बोलतात.

"ताई, जेवण असतं का? आणि बरं असतं का?"
एक वाचक, दादर

असतं. पनीर असतं, नेहमी असतं, त्यातून सुटका नाही. बरं असतं का ते तुझ्या भुकेवर आहे. लंचच्या आधीच्या टॉकला मागच्या रांगेत कडेची खुर्ची धर, "शेवटचा एक प्रश्न" म्हणाले की उठ, पाच मिनिटं उशीर केलास तर रांग लिफ्टपर्यंत जाते आणि गुलाबजाम संपतात. चहा चारला म्हणतात, साडेचारला येतो.